पऱ्हाटीच्या गॅसमधली धूळ : प्रकल्प नोंदी

१२ फेब्रुवारी

लोड टाकला की दालमिलच्या गॅसवरच्या जनरेटरचं इंजिन घुसमटतं, ही तक्रार मिलचे मालक शेठजींनी संक्रांतीपासून तीनदा केली होती. आज इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात गॅस-हवा नेणारा पाइप) उघडला. गॅस आणि हवा जिथे मिसळतात तिथली बटरफ्लाय झडप हाताने हलेना. मिस्त्रीकाकांनी स्क्रूड्रायव्हरने खरवडून थोडा माल कागदावर घेतला. काजळी म्हणावी तर चिकट, डांबर म्हणावं तर चरचरीत. चिमटीत चोळला की आधी तेलकट लागतो आणि मग खरखर जाणवते. काका म्हणाले, "हे तं काजय अन् डिंक कालवल्यावानी आहे जी." अहवालात याहून नेमकं वर्णन मला सुचलं नसतं.

नवीन माणसाला कळावं म्हणून प्लांटची माहिती एकदाच लिहून ठेवतो. यवतमाळ जिल्ह्यातली दालमिल. डिझेल आणि गॅस दोन्हीवर चालणारा जुना जनरेटर, त्याला जोडलेला डाउनड्राफ्ट गॅसिफायर, म्हणजे इंधन अर्धवट जाळून जळाऊ गॅस बनवणारी आणि तो गॅस खालून काढणारी भट्टी. ताशी साधारण ४५ किलो पऱ्हाटीचे (कापसाच्या वाळक्या झाडांचे) तुकडे लागतात, त्यातून १०८ घनमीटर गॅस (० अंश आणि वातावरणाच्या दाबाला मोजलेला). गॅसची वाट अशी : सायक्लोन (गॅस गरगर फिरवून धूळ भिंतीकडे फेकणारा), पाण्याने गॅस धुणारा स्क्रबर, भुशाचे दोन फिल्टर, शेवटी कापडी सेफ्टी फिल्टर आणि इंजिन. हे सगळं आमच्या आधीच बसवलेलं होतं. काम एवढंच, की इंजिनात धूळ जाऊ द्यायची नाही. इंजिनासाठी धुळीची सर्वमान्य मर्यादा घनमीटरमागे ५० मिलिग्रॅम. टारची, म्हणजे गॅसबरोबर वाफ होऊन येणाऱ्या आणि थंड झाला की थिजणाऱ्या डांबरासारख्या मालाची, १००.

१४ फेब्रुवारी

मोजल्याशिवाय बोलायचं नाही, असं ठरवलं. गॅस ओढायला छोटा पंप, गॅस मीटर आणि काचधाग्याचा फिल्टर कागद. कागदाची डबी तापवलेली ठेवली, नाहीतर टार कागदावरच थिजतं आणि धूळ म्हणून मोजलं जातं. नंतर कागद अॅसिटोनने धुतला, वाळवला, तोलला. नळीचं तोंड गॅसच्या प्रवाहाकडे आणि आत ओढण्याचा वेग पाइपातल्या वेगाइतकाच. वेग जास्त ठेवला तर जड कण वळण न घेता सरळ निघून जातात आणि आकडा खोटाच चांगला येतो.

वजनाचा प्रश्न होता. मिलिग्रॅम दाखवणारा काटा दालमिलमध्ये कुठून असणार? तालुक्याच्या बाजारपेठेतल्या सराफाकडे गेलो. त्यांनी कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "यात सोनं किती?" काटा मात्र पंखा बंद करून, काचेचं झाकण लावून मनापासून दिला.

सायक्लोनच्या आधी २१०० मिलिग्रॅम. सायक्लोननंतर ६४०. स्क्रबरनंतर १९०. भुशाच्या फिल्टरांनंतर ९५. म्हणजे चार टप्पे करूनही मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट. एक धडा लगेच मिळाला : नमुना घेताना मध्येच गॅसिफायरच्या तळाची जाळी हलवली तर आकडा एकदम चढतो. जाळी अर्ध्या तासाने हलवतात, म्हणून प्रत्येक नमुन्यात एक हलवणी यायलाच हवी. पहिले दोन नमुने त्यामुळे रद्द.

१५ फेब्रुवारी

फिल्टरकडे बघण्याआधी इंधनाचा ढीग पाहिला. पऱ्हाटी चिमट्याने मुळासकट उपटलेली, मुळांना काळ्या मातीची ढेकळं तशीच. कटरमधून तुकडे निघतात तेव्हा ती माती आणि भुगाही सोबत हॉपरमध्ये जातो. म्हणजे अर्धी धूळ आपणच विकत घेऊन आत टाकतोय. मुळं आपटून घ्यायची आणि कटरखाली १० मिलिमीटरची तिरपी चाळण लावायची. खर्च जवळपास शून्य. बायांनी पहिल्याच दिवशी चाळणीखालून घमेलं भरून भुगा काढला. तो भट्टीत जाईल, गॅसिफायरमध्ये नाही.

१९ फेब्रुवारी

आज दिवसभर सायक्लोन.

आधी गळती. सगळी यंत्रणा ब्लोअरच्या ओढीवर चालते, म्हणजे आत दाब कमी. खालच्या राखेच्या डब्याचं झाकण जरा जरी सैल असलं तरी बाहेरची हवा तिथून वर चढते आणि खाली बसलेली धूळ पुन्हा गॅसमध्ये उडवते. गॅसिफायर थंड ठेवून नुसता ब्लोअर चालू केला आणि झाकणाच्या कडेने उदबत्ती फिरवली. धूर एका जागी सरळ आत. झाकणाच्या कडेचा ग्लास रोप (काचधाग्याची दोरी) जळून सपाट झाला होता. नवीन रोप टाकला, आणि संध्याकाळी सायक्लोननंतरचा आकडा ६४० वरून ४१० वर. दोनशे रुपयांच्या दोरीने जे केलं ते कागदावरच्या कुठल्याही नव्या डिझाइनने केलं नसतं.

मग हिशेब. गॅस ३५० अंशांवर आला की १०८ चे जवळजवळ २४६ घनमीटर होतात. तोंडाशी वेग सेकंदाला १५ मीटर धरला तर सायक्लोनचा व्यास २१४ मिलिमीटर येतो, तोंड १०७ गुणिले ४३. आपला सायक्लोन याच मापाच्या आसपास आहे, त्यात खोट नाही. खोट धुळीत आहे. तक्त्यांमधले आकडे घट्ट, दगडी कणांचे असतात, घनमीटरला २००० किलोच्या पुढचे. ती घनता घातली तर ३.२ मायक्रॉनचे निम्मे कण अडकतात. आपली धूळ म्हणजे कोळशाचे सच्छिद्र कण, पाण्यावर तरंगणारे. घनता ५०० घातली की तोच आकडा ६.४ मायक्रॉन होतो. हलक्या कणाला भिंतीकडे ढकलायला सायक्लोनकडे जोरच उरत नाही.

वर आणखी एक गोष्ट. मिलमध्ये एकच रोलर चालू असतो तेव्हा गॅस ४० टक्क्यांवर येतो, वेग ६ मीटरवर, आणि निम्मे कण अडकण्याचा तो आकडा १० मायक्रॉनवर. म्हणजे लोड कमी असताना इंजिनात घाण जास्त जाते. शेठजींना हे पटवायला वेळ लागला, कारण मशीन आरामात चालली तर तिला बरं, असा सगळ्यांचा समज.

निष्कर्ष : सायक्लोन राहील, पण पहिल्या पहारेकऱ्यासारखा. बारीक कणांचं काम त्याचं नाही.

२३ फेब्रुवारी

दोन रात्री पर्यायांवर घालवल्या. खरा घोळ धुळीचा नाहीच, धूळ आणि टार एकत्र असण्याचा आहे. कोरडी धूळ झटकता येते. नुसतं टार वाहून काढता येतं. दोन्ही एकाच जागी थिजले की मॅनिफोल्डमधला तो डिंक तयार होतो. म्हणून प्रत्येक उपायाला पहिला प्रश्न : तू कुठल्या तापमानाला काम करतोस?

व्हेंचुरी स्क्रबर. अरुंद घशात गॅसचा वेग सेकंदाला ६० ते १२० मीटर, पाण्याचे थेंब फुटतात आणि मायक्रॉनभर कणही धरतात. मला वाटलं होतं की वीज खाईल म्हणून तो बाद होईल. हिशेब केला तर ५०० मिलिमीटर पाण्याच्या दाबाला आपल्या प्रवाहात ब्लोअर साडेतीनशे वॉटसुद्धा मागत नाही. जनरेटरच्या एक टक्क्याहून कमी. माझा आवडता आक्षेप गेला. पण धूळ आणि टार तो एकाच पाण्यात कालवतो, आणि ते पाणी टाकायचं कुठे हा प्रश्न उरतो. त्याबद्दल खाली.

इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर, म्हणजे विजेच्या दाबाने कण ओढून धरणारं यंत्र. डेन्मार्कमध्ये हारबोअर इथल्या अपड्राफ्ट (गॅस वरून काढणाऱ्या) प्लांटवर गॅस थंड केल्यावर ओला प्रेसिपिटेटर लावला होता आणि तो टारचे बारीक थेंब आणि धूळ दोन्ही छान धरायचा. अडचण अशी, की आत हजारो व्होल्टचा दाब आणि ठिणगी पडणं हा त्याचा स्वभाव. आपला प्लांट ओढीवर, कुठल्या झाकणातून हवा शिरेल सांगता येत नाही (१९ तारखेची उदबत्ती आठवा). ऑक्सिजनवर अखंड नजर ठेवणारं यंत्र आणि आपोआप बंद होणारी साखळी नसेल तर ज्वलनशील गॅसमध्ये ठिणगी नको. बाद.

सिरॅमिक कँडल, म्हणजे मेणबत्तीच्या आकाराच्या सच्छिद्र गाळण्या. तत्त्व सगळ्यात सुंदर : ३५०-४०० अंशांवर, टार वाफ असतानाच, धूळ गाळून टाका. स्वीडनमधल्या व्हार्नामोच्या प्लांटने १९९० च्या दशकात हेच केलं. तिथे सिरॅमिकच्या कँडल तुटल्या आणि धातूच्या बसवाव्या लागल्या. त्यांच्याकडे १८ मेगावॉटचा प्लांट आणि इंजिनिअरांची फौज होती. आपल्याकडे मिस्त्रीकाका आणि दोन पोरं. एक कँडल तडकली तर दुसरी मिळेपर्यंत मिल डिझेलवर. मोह होतोय, पण नाही.

वाळूचा किंवा भुशाचा थर. स्वस्त, गावात माल मिळतो. भुशाला एकदा वाट पडली की गॅस त्या भोकातूनच जातो आणि बाकीचा भुसा कोरडा ठणठणीत राहतो. हे आपल्याकडे आत्ता चालूच आहे. शेवटचा टप्पा म्हणून ठीक.

बॅग फिल्टर, म्हणजे कापडी पिशव्यांतून गाळणं. ऑस्ट्रियात ग्युसिंगला २००० च्या सुरुवातीपासून गॅस १५० ते १८० अंशांवर आणून, कापडावर आधी भुकटीचा थर देऊन गाळत. धूळ कोरडी निघते, टार वाफ होऊन पुढे जातं आणि पुढच्या टप्प्यात वेगळं पकडलं जातं. त्यांचा गॅसिफायर वेगळ्या जातीचा, टारही आपल्यापेक्षा जास्त. तरीही जमलं. हाच मार्ग धरावा असं वाटतं. अट एकच, आणि तीच सगळ्यात अवघड : कापड कधीही, एक मिनिटही, थंड पडू द्यायचं नाही.

२७ फेब्रुवारी

शेठजींना अजून स्क्रबरच मोठा करून हवा होता. "पाण्यानं धुतलं म्हणजे धुतलं," हा त्यांचा मुद्दा. त्यांना टाकीजवळ नेलं. १५०० लिटरची टाकी, वर इंद्रधनुष्य दिसणारी तेलाची साय, आणि दवाखान्यातल्या फिनेलसारखा वास. तो वास फिनॉलचाच. पंधरा दिवसांनी हे पाणी बदलावं लागतं आणि आजवर मागच्या बाजूने नाल्यात गेलं आहे, हे त्यांनीच खाली बघत सांगितलं. नाल्याच्या पलीकडे विहीर आहे. शेजारचा शेतकरी एकदा बादली भरून गेटवर ठेवून गेला होता, काही न बोलता.

तिथे उभ्याउभ्याच बॅग फिल्टरला होकार मिळाला. मी केलेल्या तक्त्याचा कागद खिशातच राहिला.

५ मार्च

मापं. १५० अंशांना प्रवाह मिनिटाला २.८ घनमीटर. कापडातून मिनिटाला ०.८ मीटर वेग धरला, म्हणजे साडेतीन चौरस मीटर कापड. १२० मिलिमीटर व्यासाच्या, १.२ मीटर लांबीच्या ८ बॅगा.

कापड कुठलं? पॉलिस्टर १३०-१५० ला मान टाकतं. नोमेक्स २०० पर्यंत, पण जाळी हलवली की कधी तापमान उसळतं, आणि तेव्हा हाती काही उरत नाही. टेफ्लॉनचा पापुद्रा दिलेलं काचकापड २५० पर्यंत निभावतं. महाग आहे. घेतलं. काचकापड वाकवल्या-झटकल्याने मोडतं, त्यामुळे हलवून झाडण्याची पद्धत बाद, फुंकरच मारावी लागणार.

फुंकरीवरून पुरवठादाराशी फोनवर वाद. त्यांचं नेहमीचं गिऱ्हाईक सिमेंट आणि राइस मिलवालं, म्हणून कोटेशनमध्ये साधा हवेचा कॉम्प्रेसर. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनने भरलेल्या डब्यात दर तासाला दाबाने हवा सोडायची? दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा लेखी कळवलं. नायट्रोजनचं सिलिंडर ठेवायचं. मोठ्या सिलिंडरमध्ये ७ घनमीटर. एका फेरीला ८० लिटरच्या आसपास आणि दिवसाला बारा फेऱ्या धरल्या तरी आठवडा निघतो.

१८ मार्च

होळीमुळे वेल्डर चार दिवस नव्हता. आज बॅगांचा डबा उभा राहिला.

डबा गरम ठेवण्याची युक्ती मिस्त्रीकाकांची. इंजिन सुरुवातीला डिझेलवरच चालतं, तेव्हा सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर डब्याभोवतीच्या दुहेरी पत्र्यातून फिरवायचा. गॅस आत सोडण्याआधी अर्धा तास डबा आयता तापतो, वेगळा हीटर नको. मी फक्त एक भर घातली : आतल्या पत्र्याची प्रत्येक शिवण साबणाच्या पाण्याने तपासायची. डिझेलच्या धुरात ऑक्सिजन उरलेला असतो. आतला डबा ओढीवर असल्यामुळे शिवण फाटली तर तो धूर सरळ गॅसमध्ये शिरेल. दोन ठिकाणी बुडबुडे आले. पुन्हा वेल्डिंग.

गॅसिफायर आणि फिल्टरच्या मध्ये गॅस ३५० वरून १७० वर आणायला पंख लावलेल्या पाइपाचं वळण. डब्याच्या आत आणि बाहेर जातानाच्या तोंडाशी थर्मोकपल (तापमान मोजणारी तार). बायपास पाइप फिल्टर टाळून सरळ ज्योतीकडे, जिथे नको असलेला गॅस जाळून टाकतात. नियम फळ्यावर खडूने लिहिला : दोन्ही काटे १५० च्या वर गेल्याशिवाय गॅस फिल्टरमध्ये सोडायचा नाही.

२० मार्च

नियम दोनच दिवसांत मोडला.

सकाळी तुरीचे ट्रक लागले होते, घाई होती. रात्रपाळीच्या पोराने ज्योत निळसर दिसली म्हणून बायपास बंद केला. डबा तेव्हा ९० वर. मी पोहोचलो तेव्हा पाण्याच्या नळीत फिल्टरच्या दोन बाजूंच्या दाबाचा फरक ६० मिलिमीटरवरून २२० वर गेलेला, आणि फुंकर मारली तरी खाली येईना. प्लांट थांबवला. नायट्रोजनने डबा धुतला, मग तासभर वाट पाहिली. झाकण उघडताना कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म गळ्यात आणि दोघांनी मिळूनच काम करायचं, हे ठरलेलं आहे. तरी काकांचं डोकं दुपारपर्यंत जड होतं. पुढच्या वेळी दोन तास.

बॅग बाहेर काढली. वरची धूळ भुकटी नव्हती, तव्यावर करपलेल्या पोळीसारखा चकचकीत पापुद्रा होता. नखाने सोलला तर तुकडा पडला आणि त्याच्याबरोबर टेफ्लॉनचा पापुद्राही. तीन बॅगा गेल्या. खाली हॉपरमध्ये उरलेली कोळशाची भुकटी हवा लागताच कडेने लाल व्हायला लागली. ती पाण्याच्या बादलीत.

पोरगा कोपऱ्यात उभा होता. त्याला रागावून काही हाती लागलं नसतं. दोष त्याचा कमी, माझा जास्त. खडूचा नियम घाईपुढे टिकत नाही. आता बायपासच्या झडपेलाच थर्मोकपलवरचं कुलूप बसवतोय. १५० च्या खाली ती बंदच होणार नाही.

२६ मार्च

नव्या तीन बॅगा आल्या. या वेळी कापडावर आधी थर. पुरवठादाराची खास पावडर ३५ रुपये किलो. शाळेच्या मैदानावर कबड्डीच्या रेषा आखतात ती चुन्याची फक्की बाजारात त्याच्या पाव किमतीत. बारीक चाळणीतून गाळली, कढईत गरम करून ओल घालवली, आणि गॅस नसताना, ब्लोअरच्या ओढीवर मूठमूठ आत सोडली. ८ बॅगांना दीड किलो पुरली. दाब जेमतेम १० मिलिमीटरने वाढला. थंड सुरुवातीचं टार चुकून आलंच तर ते फक्कीवर बसेल आणि फुंकरीबरोबर गळून पडेल, असा हिशेब.

काकांनी काचेतून पाहिलं. पांढऱ्या बॅगा एका रांगेत. "शायेत झेंडावंदनाले उभे केलेले पोट्टे दिसून रायले."

३ एप्रिल

आठवडाभर चालल्यावर मोजलं. चाळण आणि नवीन रोपमुळे सायक्लोननंतरचा आकडा आता ३६०. बॅग फिल्टरनंतर १० च्या खाली. अर्धा घनमीटर गॅस ओढून कागदावर चार मिलिग्रॅम आले आणि सराफाचा काटा एका मिलिग्रॅमचा, तेव्हा याहून बारीक बोलायचा अधिकार मला नाही. दाबाचा फरक फुंकरीनंतर ७०, आधी ११०, आणि सात दिवसांत तळाचा आकडा सरकलेला नाही. माझ्या दृष्टीने दहाच्या आकड्यापेक्षा ही बातमी मोठी. फिल्टर आज किती धरतो यापेक्षा उद्या पुन्हा मोकळा होतो का, यावर सगळं अवलंबून असतं.

स्क्रबर बंद केला, त्याच्या जागी पाइपांचा कूलर. कूलरच्या तळाची तोटी उघडली. पूर्वी इथून काळा गोळा तारेने ओढून काढावा लागायचा. आज करड्या चहासारखं पाणी आणि वर पिवळसर तेल, बारीक धारेने आपणहून वाहणारं. ताशी दोन-तीन लिटर. डब्यात साठवून भट्टीच्या राखेवर तापवतोय, नाल्यात थेंबही नाही. टार कमी झालेलं नाही, ते भुशाच्या फिल्टरमध्ये अडतंय. पण धूळ नसल्यामुळे भुसा आता दगड होत नाही, आणि बदललेला भुसा भट्टीत जळतो.

बटरफ्लाय उघडून पाहिली. तेलकट आहे, पण बोटाने फिरते.

१७ एप्रिल

बाहेर ४४ अंश. कूलरमधून गॅस ५८ वर बाहेर येतोय, ३५-४० वर यायला हवा. गरम गॅस विरळ, शिवाय पाण्याची वाफ सोबत, त्यामुळे दुपारी दोन ते पाच लोड उतरतो आणि डिझेलचा खप वाढतो. ही किंमत स्क्रबर काढल्याचीच आहे, हे शेठजींना मी विचारायच्या आधीच सांगून टाकलं. पाण्याने धुतलं तेव्हा गॅस थंड तरी मिळायचा, एवढं बोलून ते गप्प बसले.

मोठा कूलर करायचा तर तीन आठवडे. तोवर काकांनी घरचा जुना डेझर्ट कूलर टेम्पोत घालून आणला, वाळ्याच्या ताट्या नव्या लावल्या आणि त्याचं तोंड पाइपांकडे केलं. दुपारी तीनला गॅस ४७ वर. प्लांटला वाळ्याचा वास येतोय. ताट्यांवरचं पाणी दिवसाला दीडशे लिटर, तेवढं रोजच्या नोंदवहीत लिहायला पोरांना सांगितलं.